लिलावात जमीन विकली जात नाही, थकबाकीदाराचा हक्क विकला जातो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या मूळ गावाशेजारी एका ठेकेदाराने गौण खनिजाचं (मुरूम, वाळू वगैरे) स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, आणि दंड थकवला, म्हणून तहसील कार्यालयाने त्याची मालमत्ता जप्त केली आहे. जाहीर नोटिशीत दोन बाबी आहेत. एक, १ हेक्टर २० आरच्या गटातला त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ३० आर, हातची किंमत (बोली जिथून सुरू होते ती किमान रक्कम) १८ लाख. दुसरी, गावठाणातलं जुनं घर. आसपास जमिनीचा भाव आरला एक लाखाच्या घरात. सातबाऱ्यावर चार नावं: ठेकेदार, त्याचे दोन भाऊ आणि आई. तुम्ही पुण्यात नोकरीला आहात, नावावर शेती नाही. एजंट म्हणतो, "सरकारच विकतंय, म्हणजे टायटल क्लिअरच." आणि टेक्सासमधला तुमचा मावसभाऊ म्हणतो, "घेऊन टाक, नंतर कोर्टातून टायटल साफ करून घेता येतं."

दोघांचंही ऐकू नका.

एजंटचं वाक्य मी २९ वर्षं ऐकतोय. आधी सात वर्षं कचेरीत कारकून होतो तेव्हा टेबलाच्या त्या बाजूने, नंतर वकिलीची सनद घेतली तेव्हापासून या बाजूने. "एकवार, दोनवार, तीनवार" म्हणून बोली तोडणाऱ्या साहेबांच्या शेजारी बसून कागद भरले आहेत. तिथे सरकार मालक म्हणून उभं नसतं, वसुलीदार म्हणून उभं असतं. साधा मालक खरेदीखतात लिहून देतो की मिळकत निर्वेध आणि बोजारहित आहे, कुणी हरकत काढली तर मी निवारण करीन, तुम्हांस तोशीस लागू देणार नाही. तहसीलदार यातलं एक अक्षर लिहून देत नाही. उलट नोटिशीच्या तळाला बारीक अक्षरात "जशी आहे तशी, जेथे आहे तेथे" असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ, तोशीस लागली तर तुमची तुम्ही बघा.

आता नोटीस पुन्हा काढा आणि वसुली कशाची आहे ते वाचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळी गल्लत तिथेच होते. जमिनीवरचा स्वतःचा सारा थकला, तर कलम १६९ प्रमाणे तो त्या जमिनीवरचा सगळ्यांत वरचा बोजा, बाकी सगळी देणी त्याच्या खाली. पण दुसरं कुठलं तरी येणं "जमीन महसुलाची थकबाकी म्हणून" वसूल होत असेल, तर त्याला ती पायरी मिळत नाही. त्याच कलमाप्रमाणे ते फक्त विनातारण देण्यांच्या पुढे उभं राहतं. शेतसारा इतका किरकोळ असतो की निव्वळ त्याच्यासाठी जमीन लिलावात निघालेली मी पाहिलेली नाही. जे निघतं ते या दुसऱ्या प्रकारातलं: कलम ४८(७) खालचा मुरूम-वाळूचा दंड (तो बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत जाऊ शकतो, म्हणून आकडे फुगतात), महारेराची वसुली प्रमाणपत्रं, असली येणी. अशा वेळी विकला जातो तो थकबाकीदाराचा त्या मिळकतीतला "हक्क, मालकी व हितसंबंध". त्याच्याकडे सोळा आणे असतील तर तुम्हाला सोळा आणे मिळतात. चार आणे असतील तर चार. त्याने आधीच बँकेला तारण दिलं असेल, तर ते तारण तुमच्या मागे येतं.

तुमच्या बाबतीत मात्र या सगळ्याआधी एक दार बंद आहे. कुळवहिवाट आणि शेतजमीन कायद्याचं कलम ६३ सांगतं की शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही. लोकांना वाटतं हे खासगी व्यवहाराला लागू आहे, सरकारी लिलावाला नाही. कलमाचा मजकूरच कंसात सांगतो की यात दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची विक्री आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसाठीची विक्रीसुद्धा आली. कलमाविरुद्ध झालेला व्यवहार ८४-क खाली अवैध ठरवून जमीन सरकारजमा होऊ शकते. म्हणजे सरकारकडून लिलावात घेतलेली जमीन सरकारच काढून घेणार, आणि तक्रार करायला जागा नाही. शहराच्या हद्दीतल्या किंवा प्रादेशिक योजनेत बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या जमिनींना या कलमात सवलत आहे, पण तुमचा गट तसा आहे हे झोन दाखल्यावरूनच कळेल, एजंटच्या तोंडून नव्हे. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाचा सातबारा गावाकडे असेल, त्यात तुमची वारस नोंद राहून गेली असेल, तर आधी ती करून घ्या. हे काम तसंही करायलाच हवं होतं.

समजा हे दार उघडलं. तरीही त्या तीस आरांची किंमत मांडून बघा, कारण या धंद्यात मार बसतो तो इथे.

सातबाऱ्यावर चार नावं, म्हणून नोटिशीत चौथा हिस्सा लिहिला. हे गणित तहसीलमधल्या कारकुनाचं आहे, कायद्याचं नाही. मीही असंच लिहायचो. तुम्ही गावातून माहिती काढली त्याप्रमाणे ठेकेदाराला दोन बहिणी आहेत. त्यांची नावं वारस नोंदीत आली नाहीत किंवा तोंडी "सोडली" म्हणून वगळली गेली. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतली वाटेकरी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सांगितलं की त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याचीही गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटप किंवा कोर्टाचा हुकूमनामा झालेला असेल तर गोष्ट वेगळी. नसेल, तर हिशोब करा. जमीन वडिलोपार्जित धरली तर वडील, आई, तीन मुलगे, दोन मुली असे सात वाटे. वडिलांचा सातवा वाटा पुन्हा सहा जणांत. प्रत्येकाचा सहावा हिस्सा. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित धरली आणि मृत्युपत्र नसेल, तरी सहा वारस, प्रत्येकाचा सहावाच. दोन्ही वाटांनी उत्तर एकच.

१२० आरांचा सहावा हिस्सा म्हणजे २० आर. १८ लाखाला ३० आर घेतोय असं तुम्हाला वाटतंय, आरला साठ हजार. प्रत्यक्षात २० आर, आरला नव्वद हजार. बाजारापेक्षा चाळीस टक्के स्वस्त वाटलेला माल दहा टक्क्यांवर आला, आणि अजून मुद्रांक, मोजणी, वकील, ताबा यांचा एक रुपयाही धरलेला नाही. शिवाय ते वीस आर कुठले? विहिरीकडचे, की ओढ्याकडचे? अविभक्त हिश्शाला चतुःसीमा नसते. वाटप होईपर्यंत तुम्ही त्या गटाच्या प्रत्येक ढेकळात सहाव्या हिश्शाचे मालक आणि एकाही ढेकळाचे नाही. वाटपाला गेलात की तुकडेबंदी, म्हणजे ठरावीक प्रमाणापेक्षा लहान तुकडे पाडायला मनाई करणारा कायदा, विचारात घ्यावी लागते.

घराचं तर त्याहून वाईट. एका शिक्षकाने माझ्याकडे यायच्या आधी असाच एका वाड्याचा तिसरा हिस्सा लिलावात घेतला होता. विक्री कायम झाली, प्रमाणपत्र हातात आलं, कुलूप घेऊन गेले तर दोन्ही भावांनी दारात उभं केलं नाही. मास्तरांना वाटलं पोलिसांत जावं. पोलीस काय करणार? मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ स्पष्ट आहे: अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात परक्याने हिस्सा घेतला तर त्याला संयुक्त ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावावा. दावा लावला की विभाजन अधिनियम, १८९३ चं कलम ४ जागं होतं: घरच्यांपैकी कुणीही कोर्टाला म्हणू शकतो की या परक्याचा हिस्सा मी घेतो, किंमत ठरवा. नऊ वर्षं गेली. शेवटी भावांनी तेच केलं. कोर्टाने ठरवलेली किंमत मास्तरांना मिळाली, लिलावाच्या रकमेपेक्षा जास्तच मिळाली, पण ती बँकेत ठेवली असती तर त्याहून अधिक झाली असती. तारखांच्या दिवशी घेतलेल्या किरकोळ रजा वेगळ्या. हे कलम मला मनातून पटतं, हेही सांगून टाकतो. स्वयंपाकघर एकच असलेल्या घरात परका माणूस तिसऱ्या हिश्शाने कसा राहणार?

गावठाणातल्या घराबद्दल आणखी एक. एजंट तुम्हाला ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवील. ती कर आकारणीची नोंदवही आहे, मालकीचा कागद नाही. स्वामित्व योजनेत (२०२० पासून) ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली आहे; त्या गावाचं मालमत्ता पत्रक तयार झालंय का ते भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे विचारा. झालं असेल तर त्यावर कोणाचं नाव आहे ते बघा. नसेल तर घर कोणाचं हे ठरवायला मागचे दस्त काढावे लागतील. विजेचं थकलेलं बिलही विचारून घ्या. २०२३ च्या के. सी. निनान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की "जशी आहे तशी" तत्त्वावर लिलावात घेणाऱ्याकडून नवी जोडणी देण्याआधी जुनी थकबाकी मागण्याची अट नियमांत असू शकते.

बोली लावण्याआधी कागद कुठले बघायचे? पहिली वसुलीची फाईल. इच्छुक खरेदीदार म्हणून अर्ज द्या, दाखवली नाही तर माहिती अधिकारात नकला मागा. तिच्यात मागणीची नोटीस, जप्तीचा आदेश, विक्रीची उद्घोषणा आणि या सगळ्यांच्या बजावणीचे अहवाल असतात. सगळ्यांत बारकाईने वाचायचा कागद म्हणजे बजावणीचा अहवाल, आणि बहुतेक लोक नेमका तोच वाचत नाहीत. नोटीस कोणाला दिली, कोणी सही केली, घर बंद होतं तर चिकटवली त्याचा पंचनामा आहे का, पंच खरे आहेत का, गावात दवंडी दिल्याची नोंद आहे का, उद्घोषणेपासून लिलावापर्यंत पुरते ३० दिवस सोडलेत का. आमच्या तालुक्यात एक विक्री निव्वळ एवढ्यासाठी रद्द झाली की नोटीस मयताच्या नावाने काढली होती. थकबाकीदार वर्षभरापूर्वीच वारला होता आणि वारसांना कोणी विचारलंच नव्हतं. घेणाऱ्याची काहीच चूक नव्हती. दीड वर्षानंतर पैसे परत मिळाले. बजावणीतली चूक तुमची नसते, पण तिची किंमत तुमच्या खिशातून जाते.

दुसरे कागद जमिनीचे. आजचा सातबारा पुरेसा नाही. त्यावर असलेल्या प्रत्येक फेरफार क्रमांकाची नक्कल काढा आणि मागे मागे जा, निदान तीस वर्षं, गटाला जुना सर्व्हे नंबर असेल तर एकत्रीकरणापर्यंत. फार जुने फेरफार काही गावांत मोडी लिपीत निघतात. वाचणारा माणूस तालुक्यात एखादाच उरलाय, त्याला चहा पाजून दोस्ती ठेवावी. "इतर हक्क" हा रकाना वरून खालपर्यंत वाचा. कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, पोटगीचा हक्क, विकास सोसायटीचा इकरार. हा इकरार पुष्कळांना पीककर्जाची साधी नोंद वाटते. सहकार कायद्याच्या कलम ४८ खाली तो जमिनीवरचा बोजा आहे आणि कर्ज फिटेपर्यंत राहतो. मग भोगवटादार वर्ग कोणता ते बघा. वर्ग २, म्हणजे नवीन शर्तीची किंवा वतनाची जमीन असेल, तर परवानगीशिवाय हात लावू नका. थकबाकीदार आदिवासी असेल, तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ खाली बिगरआदिवासीला हस्तांतर अडतं, आणि त्यात कोर्टाच्या वा प्राधिकरणाच्या आदेशाने झालेल्या विक्रीही येतात. तिथे स्वस्त बोलीचा विचारसुद्धा करू नये. दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक २ चा (नोंदलेल्या दस्तांच्या यादीचा) शोध, केंद्रीय तारण नोंदणीत बँकेचं तारण आहे का, आणि ई-कोर्ट्सवर या कुटुंबाच्या नावाने चालू दावा आहे का, हे तीन शोध घरबसल्या निम्मे होतात. चालू दाव्यातली मिळकत घेतली की तुम्ही त्या दाव्याच्या निकालाला बांधले गेलात.

लिलावाचा दिवस सोपा असतो. बोली तुटली की २५ टक्के तिथल्या तिथे भरायचे, बाकी ठरलेल्या मुदतीत. चुकलात तर भरलेलं बुडतं आणि फेरलिलाव होतो. त्यानंतरचे ३० दिवस मात्र खरे कसोटीचे. त्या मुदतीत थकबाकीदार किंवा त्या मिळकतीत हितसंबंध असलेला कुणीही थकबाकी भरून, तुम्हाला बोलीच्या ५ टक्के भरपाई देऊन विक्री उलटवू शकतो. त्याच मुदतीत कार्यपद्धतीतली गंभीर चूक किंवा लबाडी दाखवून विक्री रद्द करण्याचा अर्जही येऊ शकतो. एका पक्षकाराने बाराव्या दिवशी शेतात बोअर मारला, पाणीही लागलं, पेढे वाटले. अठ्ठाविसाव्या दिवशी थकबाकीदाराच्या मुलाने पैसे भरले. पाच टक्के मिळाले, ते बोअरवाल्याला गेले, वर खिशातले. विक्री कायम झाल्याचा आदेश हातात येईपर्यंत तिथे कुदळसुद्धा मारू नका. आणि पैसे भरून कुणी सोडवलीच, तर हळहळू नका. महिन्याभरात पाच टक्के बँक देत नाही.

बोलीच आली नाही तर काय होतं, असं तुम्ही विचारलंत. महसूल संहितेच्या कलम २२० खाली सरकार स्वतः एक रुपयाच्या नाममात्र बोलीने ती घेऊ शकतं. राज्यातल्या पुष्कळशा "आकारी पड" जमिनी अशा पिढ्यान्‌पिढ्या सरकारच्या नावाने पडून राहिल्या, कसणारे मात्र मूळ खातेदारांचे नातू. जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्या मूळ मालकांना किंवा वारसांना परत करण्याच्या बाजूने कायदा बदलायचं ठरवलं. अशा जमिनीचा "सौदा" घेऊन कोणी आलं तर लांबूनच नमस्कार करा.

विक्री कायम झाली की विक्री प्रमाणपत्र मिळतं. ते मिळाल्या मिळाल्या कचेरीच्या पायरीवरच वाचा. गट क्रमांक, क्षेत्र, आकार, हिस्सा, चतुःसीमा, तुमचं नाव आधारप्रमाणे. माझ्या एका पक्षकाराच्या प्रमाणपत्रावर गट क्रमांकाऐवजी जुना सर्व्हे नंबर पडला होता, कारण जप्तीचा पंचनामा जुन्या कागदावरून उतरवला होता. दुरुस्तीला चौदा महिने लागले. मधल्या काळात तलाठी फेरफार धरीना, बँक कर्ज देईना. महसूल अधिकाऱ्याने दिलेल्या प्रमाणपत्राला नोंदणी कायद्याच्या कलम १७(२) खाली नोंदणीची सक्ती नाही, पण मुद्रांक शुल्क लागतं. आपल्या मुद्रांक कायद्याच्या अनुच्छेद १६ प्रमाणे ते खरेदीखताच्या दराने. मुद्रांक भरा, आणि सूचीत नोंद येईल असं करून घ्या. उद्या तुमच्याकडून घेणारा सूचीच शोधणार आहे.

मग फेरफार. तलाठ्याकडे अर्ज, हितसंबंधितांना नोटीस, पंधरा दिवसांत हरकत, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. हरकत आली तर वादग्रस्त नोंदवहीत जाते आणि पुढे प्रांतांकडे अपिलं होतात. इथे पुष्कळ जण दमतात आणि पुष्कळ जण उलट चूक करतात: नाव लागलं की टायटल झालं असं समजतात. सातबाऱ्यावरची नोंद महसूल कोणी भरायचा हे सांगते. मालकी देत नाही, काढूनही घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे इतक्यांदा सांगितलंय की आता कंटाळा यावा.

आता तुमच्या मावसभावाचं. तो म्हणतो ते त्याच्या ठिकाणी बरोबर आहे. अमेरिकेत कौंटी (तिथलं जिल्हा प्रशासन) त्या मिळकतीचाच घरपट्टीसारखा कर थकला म्हणून ती विकते, म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या प्रकारासारखं. तो कर बहुतेक राज्यांत बँकेच्या गहाणाच्याही वर असतो. नंतर "क्वायट टायटल" नावाचा दावा लावून, माहीत असलेले-नसलेले सगळे दावेदार प्रतिवादी करून, वर्तमानपत्रातून समन्स देऊन, मालकीचा निवाडा घेता येतो. टेक्साससारख्या राज्यात जुन्या मालकाला मिळकत सोडवून घ्यायची मुदत असतेच, तीही त्याने तुम्हाला सांगितली नाही. तिथेही अन्याय होत होता. मिनेसोटात एका वृद्ध बाईंचं सुमारे १५ हजार डॉलरच्या थकबाकीपोटी घेतलेलं घर ४० हजारांना विकून कौंटीने वरचे २५ हजारही ठेवून घेतले. मे २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते चूक ठरवलं. आपल्या संहितेत वसुली आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम थकबाकीदाराची, हे आधीपासून आहे.

पण आपल्याकडे सगळ्या जगाविरुद्ध टायटल साफ करणारा दावा नाही. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३४ खाली मालकीचा जाहीरनामा, म्हणजे तुम्ही मालक आहात अशी कोर्टाची घोषणा, मागता येतो, आणि कलम ३५ सांगतं की तो फक्त दाव्यातल्या पक्षकारांवर आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांवर बंधनकारक. धाकटी बहीण प्रतिवादी करायची राहिली, तर निकाल तिच्यापुरता कोरा कागद. शिवाय ताबा तुमच्याकडे नसेल आणि तुम्ही नुसता जाहीरनामा मागितलात, ताबा मागितला नाही, तर कलम ३४ च्याच परंतुकामुळे दावा फेटाळला जातो. नवशिके वकील इथे घसरतात.

म्हणून आपल्याकडे टायटल साफ होतं ते मुख्यतः माणसांशी बोलून. माझा क्रम असा असतो. आधी भूमी अभिलेखकडून मोजणी, कारण अर्धी भांडणं हद्दीची असतात आणि टायटलची म्हणून लढली जातात. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. तिने कुणाचा हक्क मरत नाही हे पक्कं लक्षात ठेवा, पण लपलेला माणूस बाहेर येतो आणि तो आत्ता आलेला बरा. मग एकेक सहहिस्सेदार गाठायचा. भावांना बहुधा तो ठेकेदार भाऊ नकोसा झालेला असतो. तुम्ही वीस आर एका कडेला घेऊन बाकीचं त्यांना मोकळं करणार असाल तर ते ऐकतात. बहिणींकडे मात्र भावांना घेऊन जाऊ नका. त्यांच्या सासरी स्वतः जा, त्यांना त्यांचा हिस्सा आकड्यात सांगा, आणि त्या भावांच्या बाजूने सोडणार असतील तर नोंदणीकृत हक्कसोड, नाहीतर वाटणीपत्रात त्यांची सही आणि त्यांचं क्षेत्र. कोऱ्या स्टँपवर "आम्हाला काही नको" असं लिहून घेतलेला कागद कोर्टात फाटतो, आणि फाटायलाच हवा. सोसायटी, बँक यांचे दाखले घेऊन बोजे कमी करून घ्या. एवढं करूनही एखादा अडून बसला तर त्याच्यापुरता दावा लावायचा, आणि तो जाहीरनाम्याचा नव्हे, वाटप आणि ताब्याचा.

शहरात फ्लॅट किंवा गाळा बघणाऱ्यांसाठी दोन ओळी. महापालिकेच्या कराचा मिळकतीवर पहिला बोजा असतो. १९४९ च्या महापालिका कायद्याखाली तो अजाण खरेदीदाराविरुद्ध चालत नाही, असं १९७१ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. पण अजाण म्हणवून घेण्याआधी तुम्ही चौकशी केली होती का, हे विचारलं जातं. थकबाकीचा दाखला काढायला एक दिवस लागतो, तेव्हा तो काढाच. बँकेच्या लिलावात तारण नोंदलेलं असेल तर बँक करवसुलीच्या पुढे असते, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२२ मध्ये जळगाव जनता बँकेच्या प्रकरणात बरंचसं स्पष्ट केलं, त्यामुळे माझ्या मते नवख्याने महसुली लिलावापेक्षा तिकडून सुरुवात करावी. पतसंस्थांच्या लिलावात बोलीवेळी १५ टक्के आणि उरलेले १५ दिवसांत, ते न जमल्याने अनामत गमावलेले लोक मला दरवर्षी भेटतात.

तर तुमचं. जमीन सोडा: शेतकरी असल्याचा पुरावा नाही, हिस्सा सांगितलाय त्यापेक्षा लहान, आणि सवलत उरते ती खर्चात जाते. घरावर बोली लावायची असेलच, तर येत्या सोमवारी फाईल बघायचा अर्ज द्या आणि बजावणीच्या अहवालाचा फोटो मला पाठवा. त्याआधी ठेकेदाराच्या मोठ्या बहिणीला एकदा भेटून या. घरात सध्या कोण राहतं आणि आई कुणाकडे असते, हे तिला विचारा.